पेनेलपी स्फीरिस: पंकवाल्यांच्या डॉक्युमेंटरीपासून 'वेन्स वर्ल्ड'पर्यंत आणि परत

उलटी_कॅसेट

'वेन्स वर्ल्ड' हा १९९२चा कॉमेडी पिक्चर इथे बऱ्याच जणांनी बघितला असेल, पूर्ण नसेल तर निदान तो गाडीतला सीन तरी. निळी खटारा पेसर गाडी, आत दाटीवाटीने बसलेली पोरं, टेपवर क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी', आणि गिटार सुरू झाली की सगळ्यांच्या माना गदागदा. ३० वर्षं झाली तरी कुठल्याही रोड ट्रिपला कोणीतरी हा सीन करून दाखवतंच. पण हा पिक्चर कोणी डिरेक्ट केला विचारलं तर दहातले नऊ जण गप्प बसतात, किंवा त्यातल्या हीरोचं, माईक मायर्सचं नाव घेतात. तर ती बाई म्हणजे पेनेलपी स्फीरिस, आणि हा धागा तिच्यावर.

मी तिच्याकडे उलट्या बाजूने पोचले. आधी बघितली तिची डॉक्युमेंटरी 'द डिक्लाइन ऑफ वेस्टर्न सिव्हिलायझेशन', १९८१ची. लॉस एंजेलिसच्या पंक बँड्सवर आहे, पंक म्हणजे वेगवान, ओरडून गायलेलं, व्यवस्थेला शिव्या घालणारं रॉक. शूटिंग १९७९च्या डिसेंबरपासून १९८०च्या मेपर्यंत, म्हणजे ब्लॅक फ्लॅग, जर्म्स, एक्स, सर्कल जर्क्स, फिअर ही नावं त्या गावाबाहेर फारशी कोणाला माहीत नव्हती तेव्हाचं. नंतर कळलं की हीच बाई 'वेन्स वर्ल्ड'वाली, आणि हीच 'बेव्हर्ली हिलबिलीज' आणि 'लिटल रास्कल्स'वालीसुद्धा. पहिल्यांदा मला वाटलं एकाच नावाच्या दोन बायका असतील.

थोडी पार्श्वभूमी. जन्म १९४५, न्यू ऑर्लिन्स. वडील ग्रीसहून आलेले, त्यांचा फिरता कार्निव्हल होता, पाळणे, तंबू, खेळवाले असा सगळा लवाजमा घेऊन गावोगाव हिंडायचे. ही सात वर्षांची असताना वडिलांचा खून झाला. मग आई पोरांना घेऊन कॅलिफोर्नियात, आईची एकामागून एक लग्नं, नवनवे सावत्र बाप, ट्रेलर पार्कमधली घरं. पुढे लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात फिल्म शिकली, फी भरायला हॉटेलांत वेट्रेसची कामं केली. मुलगी लहान असतानाच मुलीचे वडील हेरॉइनच्या ओव्हरडोसने गेले. १९८४ साली भाऊ, तो गायक होता, जिमी स्फीरिस, दारू प्यायलेल्या ड्रायव्हरने मोटरसायकलला धडक दिली त्यात गेला. हे सगळं सांगायचं कारण सहानुभूती नाही हं, तिच्या कॅमेऱ्यासमोर जी पोरं येतात, घरातून पळालेली, बापाने मारलेली, उद्याचा पत्ता नसलेली, त्यांच्याकडे ती कशी बघते ते यातून थोडं कळतं म्हणून.

१९७४ला तिने 'रॉक एन रील' नावाची कंपनी काढली, रेकॉर्ड कंपन्यांसाठी गाण्यांच्या फिल्म करायची. एमटीव्ही सुरू झालं १९८१ला, म्हणजे त्याच्या सात वर्षं आधी. आणि साधारण त्याच काळात विनोदी नट अल्बर्ट ब्रूक्स 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या अमेरिकन टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमाच्या पहिल्या सीझनसाठी छोट्या विनोदी फिल्म करत होता त्याची निर्माती हीच. त्याचा 'रिअल लाइफ' (१९७९) हा पिक्चरही हिनेच प्रोड्यूस केला. म्हणजे बघा, कॉमेडी नंतर पैशांसाठी आली असं जे लिहिलं जातं ते तारखांमध्येच बसत नाही. कॉमेडी पंकच्या आधीची आहे!

आणि माझं म्हणणं असं आहे की तिच्या डॉक्युमेंटरीत आणि चांगल्या कॉमेडीत नजर एकच आहे. ती समोरच्याला साधे, जवळजवळ बावळट वाटतील असे प्रश्न विचारते, मग कॅमेरा चालू ठेवून गप्प बसते. माणूस बोलत राहतो आणि हळूहळू एकाच वेळी हास्यास्पदही होतो आणि आपलाही वाटायला लागतो. 'डिक्लाइन'ची सुरुवातच बघा. शूटिंगची परवानगी म्हणून प्रेक्षकांना एक कायदेशीर नोटीस वाचून दाखवायची होती, तर ती तिने स्टेजवर बँडवाल्यांकडूनच वाचून घेतली. म्हणजे जे लोक व्यवस्थेला शिव्या घालायला स्टेजवर चढलेत ते आधी वकिली भाषेतला कागद वाचतायत, कोणी अडखळतंय, कोणी टवाळी करतंय. एकही जोक लिहिलेला नाही आणि मी हसून हसून लोळले.

दुसरं, गाण्यांचे शब्द खाली सबटायटल म्हणून येतात. गाणं इंग्रजीच, प्रेक्षक इंग्रजीच, तरीही. कारण ओरडण्यात काही कळत नाही. हाही विनोदच आहे, पण वाचायला लागलं की कळतं या पोरांना खरंच काहीतरी म्हणायचंय.

बाकीचं प्रतिसादांत लिहिते, हात दुखले. कोणी बघितलंय का यातलं काही?

गोट्या_बेसवाला

काढलास एकदाचा धागा! दंडवत घे.

जर्म्सचा डार्बी क्रॅश स्वयंपाकघरात नाश्ता बनवतोय तो सीन डोक्यातून जात नाही. स्टेजवर हा माणूस शुद्धीत आहे की नाही कळत नाही, माइक तोंडापासून कुठेतरी भलतीकडे, लोक त्याच्या अंगावर मार्करने काहीबाही लिहितायत, आणि घरी अंडी तळताना एकदम नेहमीच्या कॉलेजच्या पोरासारखा बोलतो. २२ वर्षांचा होता. ७ डिसेंबर १९८०ला हेरॉइन घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी जॉन लेननचा खून झाला त्यामुळे याची बातमी कुठल्या कुठे हरवली. पिक्चर लागला पुढच्या वर्षी, आणि पोस्टरवर डार्बीच, डोळे मिटून आडवा पडलेला. पोस्टरचा फोटो तो जिवंत असतानाचा आहे हे माहीत असूनही अंगावर येतो.

निव्वळ_वाचक

वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पंकमधलं मला शष्प कळत नाही पण लेख आवडला.

सॅन_होजेकर

उत्तम धागा. थोडी भर.

पिक्चर हॉलीवूड बुलेवार्डवर लागला तेव्हा एवढी पंक पोरं जमली की पोलिसांचा फौजफाटा आला, रस्ता बंद. त्यानंतर लॉस एंजेलिसचा तेव्हाचा पोलीस प्रमुख डॅरिल गेट्सने पत्र लिहून सांगितलं की हा पिक्चर या शहरात परत दाखवू नका. यापेक्षा भारी जाहिरात पंक पिक्चरला पैसे देऊन मिळाली नसती :) आणि त्याच 'डिक्लाइन'चा २०१६ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसने नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत समावेश केला. म्हणजे शहराच्या पोलिसांना नको असलेला पिक्चर सरकारी खर्चाने जपून ठेवायच्या यादीत.

पैशांचा किस्साही ऐकण्यासारखा आहे. तिच्या मुलाखतींमध्ये येतो, दोन व्यावसायिक होते, त्यांना खरं तर पॉर्न फिल्ममध्ये पैसे घालायचे होते, हिने त्यांना पंक क्लबमध्ये नेलं आणि म्हणाली याच्यावर करूया. सुमारे एक लाख डॉलरमध्ये पिक्चर झाला.

उलटी_कॅसेट

@सॅन_होजेकर हो हो, तो किस्सा राहिलाच होता. धन्यवाद.

मग पुढे. 'डिक्लाइन'चं नाव झालं पण काम कोण देणार, डॉक्युमेंटरी तेव्हा थिएटरात कोण बघत होतं. म्हणून तिने त्याच पोरांवर कथापट लिहिला, 'सबर्बिया'. निम्मे पैसे रॉजर कॉर्मनचे आणि निम्मे एका फर्निचरवाल्याचे. कॉर्मन म्हणजे स्वस्तातले पिक्चर काढणारा बादशहा, त्याची अट अशी की दर दहा मिनिटांनी मारामारी किंवा उघडंनागडं काहीतरी पाहिजे. तिने अटी पाळल्या आणि मधल्या जागेत आपला पिक्चर केला. कलाकार घेताना नटांना पंकचे कपडे घालण्यापेक्षा खऱ्या पंक पोरांना अभिनय शिकवलेला बरा असं ठरवलं. त्यात एक पोरगा पाळलेला उंदीर घेऊन फिरतो, तो म्हणजे फ्ली, नंतर रेड हॉट चिली पेपर्सचा बेसिस्ट.

अभिनय कच्चा आहे, काही सीन्समध्ये पोरं पाठांतर म्हणून दाखवल्यासारखी बोलतात. तरी मला आवडतो. रिकाम्या पडलेल्या कॉलनीतली ओसाड घरं, मोकाट कुत्री, आणि ही दहाबारा पोरं एकत्र घर करून राहिलेली. त्यात त्यांचं एकमेकांना सांभाळणं फार साधेपणाने आलंय. शेवट मात्र मनाची तयारी करून बघा.

मधले एकदोन सोडून देते. 'द बॉइज नेक्स्ट डोअर' (१९८५, तरुण चार्ली शीन) आणि 'ड्यूड्स' (१९८७, पंक पोरं वेस्टर्नमध्ये घुसतात, त्यातही फ्ली आहे). 'ड्यूड्स' वेडपट आहे, वेळ असेल तर बघा.

आणि मग १९८८, 'डिक्लाइन भाग २: द मेटल इयर्स', यात पंकऐवजी हेवी मेटलवाले. यावर वेगळा प्रतिसाद लिहिते कारण भांडण इथेच होणारे हे मला माहितीये.

हट्टी_गोगलगाय

भांडायला मी आलोच आहे :D

'मेटल इयर्स' मला अजिबात प्रामाणिक वाटत नाही. पहिल्या भागात ती क्लबमध्ये कोपऱ्यात उभी राहून बघते. दुसऱ्यात सगळं रचलेलं. किस बँडचा पॉल स्टॅन्ली पलंगावर तीन चार बायकांच्या मध्ये लोळत मुलाखत देतो, त्याच बँडचा जीन सिमन्स अंतर्वस्त्रांच्या दुकानात, आणि मेटल गायक ऑझी ऑस्बॉर्न झगा घालून अंडी तळतोय आणि संत्र्याचा ज्यूस ग्लासाच्या बाहेर ओततोय, हात थरथरतोय. तो ज्यूसचा शॉट खोटा होता हे तिनेच नंतर कबूल केलंय! स्वयंपाकघरही ऑझीचं नव्हतं. मग याला डॉक्युमेंटरी का म्हणायचं? एका माणसाच्या व्यसनाची अशी गंमत करायची आणि वर खोटी?

तुम्ही म्हणताय तिची नजर कॉमेडीत आणि डॉक्युमेंटरीत एकच आहे, मान्य, पण मला तो दोष वाटतो. हसू यावं म्हणून तिने सत्याला धक्का दिला.

गोट्या_बेसवाला

@हट्टी_गोगलगाय ज्यूसचं मान्य, तिथे मीही तुझ्या बाजूने. पण पॉल आणि जीनचं काय? जागा त्यांनीच निवडल्या होत्या असं ती सांगते. स्वतःला कसं दाखवायचं हे विचारल्यावर माणूस जे सांगतो ना, तेच तर खरं. पॉल स्टॅन्लीला वाटलं यात तो राजा दिसेल. दिसला कसा ते आपण बघितलं.

आणि तू ख्रिस होम्सचा सीन मुद्दाम विसरलास. वॉस्प बँडचा गिटारिस्ट. रात्री स्विमिंग पूलमध्ये तरंगत्या खुर्चीत, अंगावर लेदर, हातात व्होडका, तोंडात ओततोय अंगावर ओततोय, आणि काठावर खुर्ची टाकून त्याची आई बसलीये. आई! ती फक्त बघतेय. आपलं आयुष्य कसं चाललंय हे तो इतक्या स्पष्ट शब्दांत सांगतो की त्यापुढे दारू सोडा छाप जाहिराती फिक्या. हा सीन बघताना कोणी हसतं का? सुरुवातीला हसतो आपण, मिनिटभराने चोरट्यासारखं वाटायला लागतं.

काकू_ऑनलाइन

माझा मुलगा मेटल ऐकायचा (आता दोन पोरांचा बाप आहे आणि भीमसेन ऐकतो) त्याने मला हा दुसरा भाग दाखवला होता, म्हणाला आई तू बघच. मला त्यातली ती केस फुगवलेली नवशिकी पोरं लक्षात राहिली. प्रत्येकाला ती बाई विचारते की तू मोठा रॉकस्टार झाला नाहीस तर काय करशील. आणि प्रत्येकजण म्हणतो मी होणारच. अगं पण नाही झालास तर? होणारच. आमच्या सदाशिव पेठेत अभ्यासिकेतल्या एमपीएससीच्या मुलांना विचारून बघा प्लॅन बी काय, अगदी हाच चेहरा होतो. मला हसू आलं नाही, पोटात कालवलं. कोणा कोणाच्या घरून पैसे येत असतील.

उलटी_कॅसेट

काकू, काय बोललात! मी पानभर लिहिणार होते ते तुम्ही एका चेहऱ्यात सांगितलं.

@हट्टी_गोगलगाय, ज्यूसचा शॉट मी डिफेंड करणार नाही, तो फसवाच आहे. पण त्याच सीनमध्ये ऑझी जे बोलतो ते फसवं नाही. व्यसन सोडण्याबद्दल, पैसे कसे उडाले त्याबद्दल तो अगदी शांत, शहाण्यासारखं बोलतो. खरं तर अख्ख्या पिक्चरमध्ये सगळ्यात समजूतदार बोलणारा माणूस तोच वाटतो. ज्यूस नसता सांडला तरी चाललं असतं, उलट बरं झालं असतं. तिला तिथे स्वतःच्या मटेरियलवर विश्वास राहिला नाही असं माझं मत.

आणि एक गोष्ट बघा. पिक्चर आला १९८८ला. लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवरचे हे केस फुगवलेले ग्लॅम मेटलवाले तेव्हा शिखरावर होते. १९९१च्या सप्टेंबरमध्ये निर्वाणा बँडचा 'नेव्हरमाइंड' अल्बम आला आणि दोनेक वर्षांत केस फुगवणाऱ्यांचा बाजार उठला. म्हणजे तिने एका अख्ख्या पिढीला पत्त्यांचा बंगला कोसळायच्या आधी तीन वर्षं विचारलं की कोसळला तर काय कराल. तिला भविष्य कळत होतं असं नाही, प्रश्नच इतका साधा होता की तो कधीही विचारला तरी खराच निघाला असता.

रंगभवन_गेट_नंबर_२

अवांतर: मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनला आयरॉक हा रॉक महोत्सव व्हायचा तेव्हाचे दिवस आठवले. १९८६पासून सुरू, मेटलिकाचे काळे टीशर्ट घालून लोकलने यायची पोरं, आत धक्काबुक्की, बाहेर वडापाव. नंतर सायलेन्स झोनच्या नियमांत रंगभवनच बंद झालं. तेव्हा कोणी स्फीरिसबाईसारखा कॅमेरा घेऊन फिरला असता तर! स्टेजवरच्यांपेक्षा गर्दीतल्या पोरांना धरून विचारायला हवं होतं, घरी काय सांगून आलास?

निव्वळ_वाचक

रंगभवन +१. आम्ही 'क्लासला चाललोय' सांगून.

हट्टी_गोगलगाय

@उलटी_कॅसेट ठीक, ऑझीच्या बोलण्याचं पटतंय. ज्यूसवर ठाम.

पण मग 'वेन्स वर्ल्ड'नंतरचं काय? 'बेव्हर्ली हिलबिलीज', 'लिटल रास्कल्स', 'ब्लॅक शीप', 'सेन्सलेस'. तिथे कुठली नजर आणि कुठलं काय. सरळ दुकान टाकलंय. पंकवाल्यांच्या भाषेत याला विकलं जाणं म्हणतात.

सॅन_होजेकर

त्याआधी 'वेन्स वर्ल्ड' तिला कसा मिळाला ते बघू, कारण तेच महत्त्वाचं आहे. लॉर्न मायकल्स, 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'चा कर्ताधर्ता, तिला अल्बर्ट ब्रूक्सच्या दिवसांपासून ओळखत होता. पिक्चर होता दोन मेटलवेड्या पोरांवर जी घराच्या तळघरातून लोकल केबलवर कार्यक्रम करतात. आता मेटलवेडी पोरं अमेरिकेत कुठल्या डिरेक्टरने तिच्यापेक्षा जास्त बघितली होती? तळघरातली पोरं कशी बोलतात, कुठे मोठेपणाचा आव आणतात, कुठे घाबरतात, सगळं तिच्या दोन डॉक्युमेंटरीत आधीच होतं. ॲलिस कूपर 'मेटल इयर्स'मध्ये मुलाखत देतो आणि 'वेन्स वर्ल्ड'मध्ये स्टेजमागे या दोघांना मिलवॉकी शहराच्या इतिहासावर लेक्चर देतो. त्या सीनची सगळी मजा यात आहे की रॉकस्टार सभ्य आणि अभ्यासू निघतो, आणि हे तिला आधीपासून माहीत होतं.

आकडे: खर्च १.४ कोटी डॉलर, १४ फेब्रुवारी १९९२ला लागला, एकट्या अमेरिकेत १२ कोटींच्या वर कमावले. शूटिंगच्या वेळी ती ४५ची होती आणि मोठ्या स्टुडिओचा हा तिचा पहिला पिक्चर. डिक्लाइननंतर दहा वर्षांनी.

गोट्या_बेसवाला

आणि बोहेमियन ऱ्हॅप्सडी! स्टुडिओला तिथे गन्स एन रोझेसचं गाणं हवं होतं, तेव्हा त्यांचीच हवा होती, माईक मायर्स अडून बसला की क्वीन नसेल तर मी पिक्चर सोडतो. १९७६ला अमेरिकेत हे गाणं नवव्या नंबरपर्यंत गेलं होतं, पिक्चरनंतर १९९२ला दुसऱ्या नंबरवर. फ्रेडी मर्क्युरी नोव्हेंबर १९९१ला गेला होता. ब्रायन मे सांगतो की सीनची टेप आधी पाठवली होती, त्याने ती फ्रेडीला दाखवली आणि फ्रेडीला आवडली.

आता आपला अभिमानाचा कोपरा: फ्रेडी म्हणजे फारुख बलसारा, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला, तिथेच त्याचा पहिला बँड, द हेक्टिक्स. म्हणजे पाचगणीच्या हॉस्टेलमधला पारशी पोरगा इलिनॉयमधल्या खटारा गाडीत. मी प्रत्येक वेळी पाचगणीला गेलो की बायकोला हे सांगतो आणि प्रत्येक वेळी ती म्हणते स्ट्रॉबेरी घे.

काकू_ऑनलाइन

हसून हसून पुरेवाट.

उलटी_कॅसेट

गोट्या :D

जाता जाता, त्या गाडीतल्या सीनमध्ये नटांच्या माना खरोखर दुखल्या होत्या. मायर्स वैतागला होता, त्याला शंका होती की नुसती मान हलवण्यात लोकांना काय हसू येणार. स्फीरिसने तो सीन लांब चालू दिला. मला वाटतं इथे तिचा डॉक्युमेंटरीचा अनुभव कामाला आला. क्लबमध्ये शेकडो पोरांना मान हलवताना बघितलेल्या बाईला माहीत होतं की यात जोक वेगळा घालायची गरजच नाही, पोरांना किती आनंद होतोय तेवढं दिसू दे.

आता @हट्टी_गोगलगाय, विकलं जाण्याबद्दल. 'वेन्स वर्ल्ड २' (१९९३) तिला मिळाला नाही, स्टीव्हन सर्जिकने केला. पहिल्याच्या एडिटिंगवेळी मायर्सने बरेच बदल सुचवले, तिने ऐकले नाहीत, म्हणून दुसऱ्यासाठी त्याला ती नको होती असं तिचं म्हणणं. कितीतरी वर्षं तिच्या मनात राग होता, मग 'ऑस्टिन पॉवर्स' बघितला आणि इतका आवडला की माफ करून टाकलं असं तिनेच मुलाखतीत सांगितलंय. मला हे फार आवडतं, माणूस विनोदी असेल तर सगळं माफ.

पण धंद्याच्या बाजूने बघा. १२ कोटी कमावणारा पिक्चर केल्यावर पुरुष डिरेक्टरला काय मिळालं असतं? जे पाहिजे ते. हिला काय मिळालं? जुन्या टीव्ही मालिकांचे रिमेक, लहान पोरांचे पिक्चर. तिच्या नावाभोवती 'हलकीफुलकी कॉमेडी' एवढंच कुंपण पडलं. जॅनिस जॉप्लिनवरचा पिक्चर करायचा तिने वर्षानुवर्षं प्रयत्न केला, झालाच नाही. तेव्हा विकत घेणाऱ्यांनी दुकानात एकच वस्तू मागितली हेही लक्षात घ्या.

हट्टी_गोगलगाय

पेनी मार्शल होती की तेव्हा. 'बिग' १९८८ला, आणि १९९२लाच 'अ लीग ऑफ देअर ओन', दोन्ही १० कोटींच्या वर. म्हणजे बाईला दार बंदच होतं असं नाही म्हणता येणार.

उलटी_कॅसेट

बरोबर, पण दार उघडं असलेल्या बायका बोटांवर मोजता येत होत्या, तू लगेच नाव घेऊ शकलास यातच आलं. आणि मार्शल स्वतः टीव्हीची मोठी स्टार होती, भाऊ डिरेक्टर. स्फीरिसकडे काय होतं, पंकवाल्यांचे फोन नंबर.

तिने स्वतः कधी लपवलं नाही बरं का. मुलाखतींमध्ये सरळ सांगते की ते पिक्चर पैशांसाठी केले. 'ब्लॅक शीप'चं शूटिंग तर तिला मनस्ताप होता. ख्रिस फार्ली आणि डेव्हिड स्पेड दोघं त्यात आहेत, फार्ली त्यानंतर दोन वर्षांच्या आत गेला, ३३ वर्षांचा. मला तो पिक्चर म्हणून भिकार वाटतो, पण फार्लीचं टेकडीवरून गडगडत खाली येणं अजूनही हसवतं.

आणि आता मुख्य मुद्दा. या सगळ्या पैशांचं तिने काय केलं? 'डिक्लाइन भाग ३'. १९९८. हॉलीवूडच्या फुटपाथवर आणि पडक्या इमारतींत राहणाऱ्या बेघर पंक पोरांवर, स्वतःच्या खिशातून. 'सेन्सलेस' आणि हा एकाच वर्षातले! एक मार्लन वेयन्सची थिल्लर कॉमेडी आणि एक असला.

सॅन_होजेकर

तिसरा भाग मी बघितलाय आणि परत बघायची हिंमत नाही. पहिल्या भागातली पोरं बंड करत होती, यातली पोरं फक्त जगतायत. रस्त्यावर येणाऱ्या जाणाऱ्यांकडे सुटे मागायचे, त्याची बिअर आणायची, रात्र काढायची. बरीचशी मारहाण करणाऱ्या घरांतून पळालेली. ती परत तोच साधा प्रश्न विचारते, पाच वर्षांनी तू कुठे असशील. आणि उत्तर येतं, मेलेलो असेन. एकाने नाही, एकामागून एक. तेही सहज, हवामान सांगितल्यासारखं. शेवटी काही मृत्यूंच्या नोंदीही येतात.

काकूंनी दुसऱ्या भागाबद्दल लिहिलं ना, त्याच्या शेजारी हे ठेवून बघा. दहा वर्षांच्या अंतराने, त्याच शहरात, तोच प्रश्न. एकीकडे 'मी स्टार होणारच' आणि दुसरीकडे हे.

काकू_ऑनलाइन

मग त्या पोरांचं पुढे काही केलं का तिने? का चित्रण करून घरी गेली?

उलटी_कॅसेट

काकू, हा प्रश्न मलाही पडला होता. त्या पिक्चरनंतर ती फॉस्टर पेरेंट झाली, म्हणजे सरकारी व्यवस्थेतल्या निराधार मुलांना स्वतःच्या घरी सांभाळायला घेतलं. पिक्चरला सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला फ्रीडम ऑफ एक्स्प्रेशनचं पारितोषिक मिळालं, पण थिएटरांत तो धड लागला नाही. तिच्या कामातलं सगळ्यात चांगलं काय विचारलं तर माझं उत्तर हाच, आणि सगळ्यात कमी लोकांनी बघितलेलाही हाच.

हट्टी_गोगलगाय

ओके. हे माहीत नव्हतं. 'विकलं जाणं' मागे घेत नाही पण त्या पैशांतून हे केलं असेल तर 'लिटल रास्कल्स' बघणाऱ्या आईबापांनी नकळत चांगलं काम केलं म्हणायचं.

यावरून प्रश्न पडला, 'डिक्लाइन' इतकी वर्षं मिळत का नव्हते? कॉलेजात असताना आम्ही कुठून कुठून कॉपी झालेली टेप बघितली होती, अर्धा वेळ पडद्यावर मुंग्या.

उलटी_कॅसेट

तिन्ही भाग डीव्हीडीवर अधिकृत आलेच नव्हते. शेवटी तिची मुलगी ॲना फॉक्स मागे लागली, तिने आईच्या गोदामातलं सगळं सामान उपसलं, आणि २०१५ला तिन्ही भागांचा बॉक्स सेट निघाला. आईचा सूर असा की जुनं परत उकरायला नको, मुलीने ढकलत ढकलत करून घेतलं. त्यात न वापरलेल्या लांब लांब मुलाखतीही आहेत, त्या वेगळ्या बघण्यासारख्या.

निव्वळ_वाचक

नवख्याने कुठून सुरू करावं? क्रम सांगा.

गोट्या_बेसवाला

आधी 'वेन्स वर्ल्ड', मग 'मेटल इयर्स', मग पहिला भाग. 'सबर्बिया' कधीही. तिसरा एकट्याने बघू नको.

हट्टी_गोगलगाय

चूक. पहिला भाग आधी. कॉमेडीतून आलास तर सगळं जोक म्हणून बघशील.

उलटी_कॅसेट

जोक म्हणूनच बघायला सुरू करू दे ना. माझं मत गोट्याला. फक्त 'मेटल इयर्स' आणि 'वेन्स वर्ल्ड' लागोपाठ दोन रात्री बघ, मध्ये गॅप नको, दोन्हीकडची पोरं एकाच गल्लीतली वाटतील.

सॅन_होजेकर

आणि 'सबर्बिया' नावाचे पिक्चर एकाहून जास्त आहेत, १९८३-८४चा आणि स्फीरिसचा आहे ना ते बघून लाव.

काकू_ऑनलाइन

मुलाला फोन केला आत्ता. तिसरा भाग त्याच्याकडे आहे म्हणाला, शनिवारी घेऊन येतोय. भीमसेन ऐकणाऱ्याने तो अजून जपून ठेवलाय बघा.

निव्वळ_वाचक

काकू, बघून झाला की इथे लिहा. मी आज रात्री गाडीच्या सीनपासून सुरू करतो.